प्रवाळ मत्स्यालयातील माशांचे परजीवी रोग

प्रवाळ मत्स्यालयातील माशांचे परजीवी रोग म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीतील माशांची त्वचा, पर व कल्ले यांवर वाढणाऱ्या परजीवींमुळे होणारे रोग होत. सागरी श्वेतबिंदू रोग व मखमली रोग हे त्यांतील दोन प्रमुख रोग आहेत. यांशिवाय ब्रूक्लिनेला, यूरोनेमा हे आदिजीव आणि चपटे कृमी यांचाही प्रादुर्भाव आढळतो. हे परजीवी माणसाला बाधत नाहीत. मात्र वेळीच उपचार न झाल्यास टाकीतील सर्व मासे काही दिवसांत दगावू शकतात.

या रोगांवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. अडचण वेगळीच आहे. परजीवीला मारणारे औषध प्रवाळ, कोळंबी, शंख आणि टाकीतील उपयुक्त सूक्ष्मजीव यांनाही मारते. त्यामुळे गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाप्रमाणे टाकीतच औषध टाकणे येथे शक्य नसते. सर्व मासे बाहेर काढून स्वतंत्र टाकीत त्यांच्यावर उपचार करणे व मूळ टाकी ठरावीक काळ माशांविना ठेवणे ही दोन अंगे मिळून या रोगांचा उपचार पूर्ण होतो.

इतिहास

या परजीवींची ओळख मुख्यतः मत्स्यालयांमुळे झाली. खुल्या समुद्रात परजीवीची मुक्त पोहणारी अवस्था अफाट पाण्यात विखुरते व तिला यजमान मासा क्वचितच सापडतो. बंदिस्त टाकीत मात्र प्रत्येक पिढीला मासे हाताशीच असतात. त्यामुळे समुद्रात किरकोळ ठरणारा परजीवी टाकीत साथ पसरवतो.

मखमली रोगाच्या परजीवीचे वर्णन ई. एम. ब्राउन या संशोधिकेने १९३१ मध्ये लंडन येथील मत्स्यालयातील माशांवरून केले. श्वेतबिंदू रोगाच्या परजीवीची नोंद जपानमध्ये सिकामा यांनी १९३० च्या दशकात केली होती. त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव ब्राउन यांनीच १९५१ मध्ये दिले. निओबेनेडेनिया मेलेनी या चपट्या कृमीचे वर्णन १९२७ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयातील माशांवरून मॅकॅलम यांनी केले. ब्रूक्लिनेला हॉस्टिलिस हे नाव लोम व नायग्रेली यांनी १९७० मध्ये दिले.

महाराष्ट्रात सागरी मासे लोकांना पाहता यावेत म्हणून मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. मत्स्यरोगांचे उच्च शिक्षण व संशोधन वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत चालते. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली व १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

प्रमुख परजीवी

सागरी श्वेतबिंदू रोग: क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा पक्ष्मधारी आदिजीव या रोगाचे कारण आहे. त्याचे जीवनचक्र समजल्याशिवाय उपचाराचे वेळापत्रक समजत नाही. माशाच्या त्वचेखाली तो ३ ते ७ दिवस वाढतो; या काळात मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसतात. त्यानंतर तो मासा सोडून तळाशी जातो, काही तास सरपटतो आणि वाळू, दगड किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती पुटी तयार करतो. पुटीच्या आत त्याचे विभाजन होऊन सुमारे दोनशेपर्यंत पिल्ले तयार होतात. बहुतेक पुट्या ३ ते २८ दिवसांत फुटतात. परंतु ७२ दिवसांनी फुटलेल्या पुट्यांचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषधाचा परिणाम केवळ या मुक्त पोहणाऱ्या पिल्लांवर होतो. माशाच्या त्वचेखाली असलेला परजीवी व पुटी या दोन्हींपर्यंत ते पोहोचत नाही.

मखमली रोग: अमायलूडिनियम ऑसेलेटम हा कशाभिकाधारी आदिजीव प्रथम कल्ल्यांवर बसतो. अंगावर सोनेरी किंवा राखाडी धुळीचा थर दिसू लागतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो. एका पुटीतून २५६ पर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात व ती पिल्ले श्वेतबिंदू रोगाच्या पिल्लांपेक्षा अधिक दिवस जगतात. हा परजीवी अतिशय कमी क्षारतेतही तग धरतो. दोन-तीन दिवसांत मासे मरू लागल्यास या रोगाची शंका प्रथम घ्यावी लागते.

ब्रूक्लिनेला व यूरोनेमा: ब्रूक्लिनेला हॉस्टिलिस हा विशेषतः समुद्रातून पकडलेल्या क्लाऊन माशांवर आढळतो. तो माशाच्या अंगावरच विभाजन पावत असल्याने रोग वेगाने बळावतो व अंगावरील श्लेष्म्याचे पांढरे पापुद्रे सुटू लागतात. यूरोनेमा मरायनम हा एरवी सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर व जीवाणूंवर जगतो आणि थकलेल्या माशावर हल्ला करतो; क्रोमिस माशांच्या अंगावर त्यामुळे लालसर व्रण पडतात.

चपटे कृमी: निओबेनेडेनिया गटातील कृमी काही मिलिमीटर लांबीचे, परंतु पारदर्शक असल्याने माशावर सहज दिसत नाहीत. ते त्वचा, डोळे व कल्ले यांवर चिकटतात. त्यांची अंडी धाग्यांनी जाळीला किंवा दगडाला अडकून राहतात.

लक्षणे व निदान

मासा दगडाला अंग घासतो, अन्न सोडतो, कल्ले भराभर हलवतो, पाण्याच्या प्रवाहापुढे तोंड करून राहतो किंवा पृष्ठभागाशी येऊन श्वास घेतो. ही लक्षणे बहुतेक परजीवी रोगांत समान असतात. अमोनिया वाढल्यास किंवा प्राणवायू कमी पडल्यासही मासा असाच वागतो; म्हणून पाण्याची तपासणी प्रथम करावी लागते. मोजता येण्याजोगे, घट्ट पांढरे ठिपके श्वेतबिंदू रोग सुचवतात. पिठासारखा बारीक थर मखमली रोग सुचवतो.

खात्रीचे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. ओल्या हाताने मासा धरून त्याच्या अंगावरील श्लेष्मा काचपट्टीच्या कडेने हलकेच घेतात व त्यावर टाकीतील पाण्याचा थेंब टाकून लगेच तपासतात. ४० ते १०० पट मोठे दाखवणारा, शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक यासाठी पुरतो. गोल गोल फिरणारा, केसाळ कडांचा जीव क्रिप्टोकॅरिऑन असतो; स्थिर, तपकिरी, नासपतीच्या आकाराचा जीव अमायलूडिनियम असतो. मृत माशाच्या अंगावरून परजीवी लवकर निघून जात असल्याने नमुना शक्यतो जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाचा घ्यावा लागतो.

विलगीकरण टाकी

उपचारासाठीची टाकी साधी असते. ७५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीत २७ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरल्यास ते सुमारे ६० लिटर होते. लहान आकाराच्या तीन-चार माशांना ते पुरते. तळाशी वाळू किंवा प्रवाळाचे दगड ठेवत नाहीत, कारण कॅल्शियमयुक्त पदार्थ ताम्र शोषून घेतात व मात्रा बिघडते. माशांना लपण्यासाठी पीव्हीसी नळाचे तुकडे, हवेचा पंप, स्पंज गाळणी, तापमापक व झाकण एवढे साहित्य लागते. गाळणीत उपयुक्त जीवाणू वाढलेले नसल्यास अमोनिया झपाट्याने वाढतो. म्हणून तो दररोज मोजून त्यानुसार पाणी बदलतात. औषधाने वाचलेला मासा अमोनियाने दगावणे ही या टाकीतील नेहमीची दुर्घटना आहे.

रोग एका माशावर दिसला तरी सर्व मासे बाहेर काढणे आवश्यक असते. मागे राहिलेला निरोगी दिसणारा एक मासाही परजीवीचे चक्र चालू ठेवण्यास पुरेसा असतो.

उपचारपद्धती

ताम्र: श्वेतबिंदू व मखमली या दोन्ही रोगांवर हा सर्वांत जुना व भरवशाचा उपचार आहे. पाण्यातील मुक्त ताम्राचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे लागते. त्याहून कमी असल्यास परजीवी मरत नाही व फार वाढल्यास मासा मरतो. हे प्रमाण श्वेतबिंदू रोगात किमान ३ आठवडे अखंड राखतात आणि चाचणीसंचाने दिवसातून दोनदा मोजतात. ६० लिटर पाण्यात ०.२० मिलिग्रॅमची पातळी गाठण्यासाठी एकूण १२ मिलिग्रॅम ताम्र लागते. मोरचुदात ताम्राचे प्रमाण सुमारे २५.५ टक्के असल्याने ते केवळ ४७ मिलिग्रॅम मोरचूद होते, म्हणजे चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. त्यामुळे कोरडे मोरचूद टाकीत टाकत नाहीत. १ ग्रॅम शुद्ध मोरचूद १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून त्या द्रावणाचे ४७ मिलिलिटर दोन-तीन दिवसांत विभागून देतात. तयार बाजारी औषधांतील बद्ध ताम्राची मात्रा व चाचणी वेगळी असते; ती वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच घ्यावी लागते. शार्क व पाकट यांना ताम्र सहन होत नाही.

टाकी बदलण्याची पद्धत: ही केवळ श्वेतबिंदू रोगासाठी आहे व तीत औषध लागत नाही. दर ७२ तासांनी मासे संपूर्ण कोरड्या व स्वच्छ केलेल्या नव्या टाकीत हलवतात; असे चार वेळा, म्हणजे १२ दिवस करतात. माशावरून उतरलेले परजीवी जुन्या टाकीत पुटीरूपाने राहतात आणि त्या फुटण्यापूर्वीच मासे पुढे गेलेले असतात. जाळी, नळ व हवेचा दगड प्रत्येक वेळी बदलावे किंवा पूर्ण वाळवावे लागतात.

क्षारता घटवणे: समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्रमाण एक-दोन दिवसांत १४ ते १६ ग्रॅमपर्यंत उतरवून शेवटचा ठिपका गेल्यानंतर किमान ३ आठवडे राखल्यास श्वेतबिंदू रोगाच्या पुट्या नष्ट होतात. माशाला हे मानवते. प्रवाळाला मानवत नाही. परजीवीचे काही प्रकार कमी क्षारतेतही टिकतात आणि मखमली रोगावर ही पद्धत निरुपयोगी आहे. उपचारानंतर क्षारता अनेक दिवसांत हळूहळू वाढवतात.

गोड्या पाण्याचे स्नान व प्राझिक्वांटेल: क्लोरीनमुक्त, समान तापमानाच्या व समान सामूच्या गोड्या पाण्यात मासा ३ ते ५ मिनिटे ठेवल्यास चपटे कृमी पांढरे पडून गळतात. हे निदानही आहे व तात्पुरता आरामही. पुढे दर लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल देतात. अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने सुमारे आठवड्याने दुसरी मात्रा आवश्यक असते.

फॉर्मेलिन: ब्रूक्लिनेलावर हा प्रमुख उपचार आहे. उष्ण पाण्यात दर १० लिटरला १.५ मिलिलिटरहून अधिक मात्रा घेत नाहीत. स्नानाचा काळ ३० ते ४५ मिनिटे असतो. फॉर्मेलिनमुळे पाण्यातील प्राणवायू कमी होतो, म्हणून जोराने हवा सोडावी लागते व मासा कलंडू लागताच स्वच्छ पाण्यात हलवावा लागतो. हे द्रव्य माणसालाही घातक व कर्करोगकारक आहे. ते मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच हाताळतात.

मूळ टाकी माशांविना ठेवणे

मासे बाहेर असताना मूळ टाकीतील पुट्या फुटत राहतात आणि यजमान न मिळाल्याने पिल्ले मरतात. प्रवाळ, कोळंबी व शंख यांना हे परजीवी लागत नसल्याने ते तेथेच राहू शकतात. ७२ दिवसांनी पुटी फुटल्याची नोंद लक्षात घेऊन श्वेतबिंदू रोगासाठी ही टाकी २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात ७६ दिवस रिकामी ठेवण्याची प्रथा आहे. कमी तापमानात पुट्या अधिक काळ सुप्त राहतात. या काळात मासे थोडे आधी परत सोडण्याचा मोह सर्वाधिक असतो आणि पुन्हा उद्भवणाऱ्या साथींचे तेच प्रमुख कारण असते. यूरोनेमा यजमानाविना जगू शकत असल्याने त्याच्यावर या उपायाचा उपयोग होत नाही.

खानदेशातील परिस्थिती

जळगाव व धुळे हे जिल्हे समुद्रापासून दूर, तापीच्या खोऱ्यात आहेत. मुंबईकराला समुद्र जवळ असतो. येथे समुद्राचे पाणी घरातच सिद्ध करावे लागते. त्यामुळे रोगोपचाराचा विचार पाणी, उष्णता व वीज या तीन गोष्टींपासून सुरू होतो.

जळगाव शहराला वाघूर धरणाचे, तर धुळे शहराला तापी नदी व नकाणे, हरणमाळ या तलावांचे पाणी मिळते. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते आणि अनेक भागांत ते रोज येत नाही; विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. दोन्ही पाणी आरओ यंत्रातून गाळून त्यात सागरी क्षारमिश्रण मिसळतात. खाण्याचे मीठ त्यासाठी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम व १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियमही असते. ६० लिटर पाण्याला सुमारे २.१ किलो क्षार लागतात. टाकी बदलण्याच्या पद्धतीत चार वेळा नवे पाणी करण्यास ८.४ किलो. रोग दिसल्यावर हे साहित्य मुंबई-पुण्याहून मागवण्यात गेलेले दिवस मखमली रोगात माशांच्या जिवावर बेततात. म्हणून क्षार, औषध व चाचणीसंच आधीच घरात असणे हा या भागात उपचाराचाच भाग ठरतो.

मे महिन्यात येथील कमाल तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. पाणी २५ वरून ३० अंशांवर गेल्यास त्यात मावणारा प्राणवायू सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. त्याच वेळी परजीवीचे चक्र वेगाने फिरू लागते. कल्ले आधीच निकामी झालेल्या माशाला हा दुहेरी मार असतो. कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर सोडलेला पंखा बाष्पीभवनाने पाणी चांगले थंड करतो, मात्र क्षार मागे राहून क्षारता वाढते. तूट भरताना खारे नव्हे तर गोडे आरओ पाणी घालावे लागते. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर पंख्याचा हा गुण कमी होतो व शीतकरण यंत्राची गरज भासते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरू शकत असल्याने तापक लागतो. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा लागतो.

फळबागांवरील बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद कृषी सेवा केंद्रांत सहज मिळते; परंतु शेतीसाठीच्या मालाची शुद्धता माशांच्या उपचारासाठी पुरेशी नसते. सूक्ष्म वजनासाठी मिलिग्रॅमपर्यंत अचूक काटाच लागतो. शेतीची कीटकनाशके माशांच्या परजीवींवर वापरणे सर्वथा टाळावे लागते. पूर्वी मत्स्यतलावांत माशांच्या उवांवर वापरली जाणारी डायक्लोरव्हॉस व ट्रायक्लोरफॉन ही दोन्ही द्रव्ये भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली आहेत. औषधी व खारे पाणी शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतल्यास माती व जलचर यांना अपाय होतो.

गैरसमज

गोड्या पाण्याच्या टाकीत श्वेतबिंदू दिसल्यास तापमान वाढवणे व मीठ टाकणे हा उपाय रूढ आहे आणि तेथे तो लागूही पडतो. तो रोग इक्थियोफ्थिरियस या वेगळ्या परजीवीचा असतो. सागरी परजीवी मूळचाच खाऱ्या व उबदार पाण्यातला असल्याने त्याच्यावर या दोहोंचा परिणाम होत नाही.

ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग बरा झाला, हा समज सर्वांत घातक आहे. ठिपके जातात तेव्हा परजीवी पुटीत शिरलेले असतात आणि काही दिवसांनी ते अनेक पटींनी परततात. वाचलेल्या माशांना काही महिने आंशिक प्रतिकारशक्ती लाभते. त्यामुळे रोग दिसत नाही, परंतु टाकीत तो टिकून राहतो व नवा मासा आणताच प्रकट होतो.

सफाई करणारा रास मासा व कोळंबी हे मोठे बाह्य परजीवी टिपतात; त्वचेखालील क्रिप्टोकॅरिऑन त्यांना काढता येत नाही. अन्नातील लसणाने रोग बरा होत असल्याचा पुरावा नाही. अतिनील दिव्याने मुक्त पोहणारी पिल्ले कमी होतात, समूळ नष्ट होत नाहीत. प्रवाळांना निर्धोक म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही.

प्रतिबंध

प्रत्येक नवा मासा किमान ३० दिवस विलगीकरण टाकीत ठेवून, निरीक्षण व आवश्यक उपचार केल्यानंतरच मुख्य टाकीत सोडतात. पुट्या दगड, शंख व प्रवाळाच्या बैठकीला चिकटून येऊ शकतात. म्हणून नवे प्रवाळही तेवढ्याच काटेकोरपणे माशांविना वेगळे ठेवावे लागतात. जाळी, बादल्या व हात एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न धुता नेणे टाळतात. विक्रेत्याकडील पाणी मुख्य टाकीत ओतत नाहीत.

समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा संवर्धन केंद्रात जन्मलेल्या माशांवर परजीवी कमी असतात व प्रवासाचा ताणही ते अधिक सोसतात. क्लाऊन माशांच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात विकसित केले आहे. अशा माशांना पसंती दिल्याने नैसर्गिक प्रवाळभित्तींवरील भारही हलका होतो. महाराष्ट्रात मालवणजवळ समुद्रात प्रवाळ आढळतात व तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. भित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले. समुद्रातून ती काढणे किंवा त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे.